चौलचा काळा कातळ आणि गोगीचा ग्रॅनाइट

चौलहून अलिबाग जेमतेम पंधरा-सतरा किलोमीटर. तिथली चुंबकीय वेधशाळा १९०४ साली सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील सुया बिथरणार, म्हणून ती खाडीपलीकडे आणायची ठरली. आणली खरी, पण इमारत कशाने बांधायची हा प्रश्न उरलाच. पायाखाली हवा तेवढा काळा दगड होता, मात्र त्यात लोहाची खनिजे इतकी भरलेली की तो स्वतःच चुंबकीय. शेवटी पोरबंदरचा वालुकाश्म आणवला गेला. ज्या मुलखात घराच्या जोत्यापासून किल्ल्याच्या तटापर्यंत सगळे काळ्या कातळाचे, तिथे एका सरकारी इमारतीसाठी काठेवाडातून दगड आणावा लागला, यातच या किनाऱ्याचे भूशास्त्र आले.

हाच कातळ चौल-रेवदंड्याच्या खाली आहे आणि कोर्लईचे समुद्रात घुसलेले टेकाडही त्याचेच. नाव बेसाल्ट, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यातले हे पश्चिमेकडचे टोक. पनवेलजवळून जाणाऱ्या एका रेषेपाशी हे थर वाकतात आणि समुद्राकडे कलतात. चौल त्या कलत्या बाजूवर बसले आहे. किनाऱ्यावरच्या रेतीत दिसणारे काळे पट्टेही मुख्यतः याच खडकातून झिजून आलेल्या लोह-टायटॅनियमच्या खनिजांचे. केरळच्या चवऱ्याची काळी वाळू वेगळी. तिच्यात मोनाझाइट असते, मोनाझाइटमध्ये थोरियम. रंग सारखा म्हणून गुण सारखा नव्हे.

मग चौलच्या दगडात युरेनियम आहे का? आहे, पण नाममात्र. एक टन बेसाल्टमध्ये ते एक ग्रॅमही भरत नाही. एक टन ग्रॅनाइटमध्ये सरासरी चार ग्रॅमच्या आसपास, आणि काही खास ग्रॅनाइटमध्ये दहा-वीस ग्रॅमपर्यंत. समुद्राच्या एक टन पाण्यात तीन मिलिग्रॅमहून किंचित जास्त. म्हणजे युरेनियम हे सोन्यासारखे दुर्मिळ नाही. ते सगळीकडे आहे, फक्त विखुरलेले. ते कुठे आणि कशाने एकत्र येते, एवढाच खरा प्रश्न आहे.

ग्रॅनाइटमध्ये ते जास्त का, याचे कारण अणूच्या आकारात आणि विद्युतभारात आहे. वितळलेला खडक थंड होऊ लागला की आधी लोह-मॅग्नेशियमची खनिजे घट्ट होतात. त्यांच्या जाळीत युरेनियमचा भलामोठा अणू मावत नाही. पहिल्या पंगतीत पाट न मिळालेल्या पाहुण्यासारखा तो शेवटपर्यंत ताटकळतो. शेवटी जो रस उरतो तो सिलिका, पोटॅशियम, सोडियम यांनी भरलेला असतो, आणि त्याचाच ग्रॅनाइट होतो. त्यात काही युरेनियम झिरकॉन आणि मोनाझाइट अशा चिवट खनिजांत कायमचे अडकते. तिथून ते पाण्याला सहजी निघत नाही. काही मात्र युरेनिनाइट या युरेनियमच्या ऑक्साइडच्या बारीक दाण्यांत असते, आणि ते सुटू शकते. त्यामुळे एखाद्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम किती, यापेक्षा ते कोणत्या खनिजात बसले आहे याची चौकशी भूवैज्ञानिक आधी करतात. दहा ग्रॅम असूनही सगळे झिरकॉनमध्ये असेल तर तो ग्रॅनाइट कुचकामी.

ग्रॅनाइट महाराष्ट्राखाली नाही असे मात्र समजू नये. तो आहे, बेसाल्टखाली दडलेला. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी ज्या विंधन विहिरी घेतल्या गेल्या, त्यांत कुठे सुमारे ९३० मीटरपर्यंत, तर कुठे साडेबाराशे मीटरपर्यंत बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. गोठण्याजवळची विहीर तर २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल गेली. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोदले तेव्हा ३३८ मीटरवरच बेसाल्ट संपला आणि थोड्या गाळानंतर पुरातन पाया लागला. कोकण किनाऱ्यावर हे आवरण आणखी जाड असावे, असे भूभौतिक मापनांवरून मानतात. मुरुड-जंजिऱ्याजवळ बेसाल्ट फोडून वर आलेल्या काही डाइकमध्ये, म्हणजे भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या भिंतींमध्ये, खोल कवचाचे, अगदी त्याखालच्या प्रावरणाचेही तुकडे सापडले आहेत. चौलपासून फार लांब नसलेल्या किनाऱ्यावर पृथ्वीने स्वतःच काढून ठेवलेला हा नमुना आहे. खाली काय आहे ते दिसते, पण हाती लागत नाही. एवढ्या जाड बेसाल्टखाली युरेनियम शोधणे आज तरी कोणाच्या हिशेबात बसणारे नाही.

म्हणून ग्रॅनाइट जिथे उघडा पडतो तिथे जावे लागते. त्यासाठी भीमा नदीचा माग धरला की पुरे. भीमाशंकराजवळ उगम पावून, पंढरपुराला चंद्रभागा म्हणवून घेत ती आग्नेयेकडे जाते. तोवर तिच्या पात्राखाली बेसाल्टच. पुढे कलबुर्गी-यादगीरच्या बाजूला बेसाल्ट संपतो आणि त्याखालून चुनखडक, शेल असे फार जुने गाळाचे थर बाहेर येतात. भूवैज्ञानिक त्यांना भीमा समूह म्हणतात. हा चुनखडक मराठी माणसाला अपरिचित नाही. तीच शहाबादी फरशी. करड्या, निळसर, पातळ पापुद्र्यांनी निघणाऱ्या या फरशीवर निम्म्या महाराष्ट्राची स्वयंपाकघरे, मोऱ्या आणि शाळांचे व्हरांडे उभे आहेत. शहाबाद त्या पट्ट्यातलेच गाव, जुन्या हैदराबाद संस्थानातले, म्हणजे मराठवाड्याचे एकेकाळचे सख्खे शेजारी. आणि या थरांखाली बसलेला आहे सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट.

या भीमा खोऱ्याच्या दक्षिण कडेला, शहापूर तालुक्यात गोगी नावाचे गाव आहे. अणुखनिज संचालनालयाच्या भूवैज्ञानिकांना १९९० च्या दशकात इथे युरेनियम सापडले. इतिहासाच्या वाचकांना गोगी वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशाह आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांतले सुरुवातीचे सुलतान इथे पुरले आहेत. याच घराण्याचा अली आदिलशाह १५७० मध्ये गोव्यावर चालून गेला, आणि त्याच मसलतीत निजामशाहाने पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला. चौल आणि गोगी यांचा असा एक जुना धागा आहे, निव्वळ योगायोगाचा, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

गोगीजवळून एक मोठा भ्रंश जातो. कुर्लगेरे-गोगी-गुंडहळ्ळी अशा तीन गावांच्या नावांनी तो ओळखला जातो. भ्रंश म्हणजे खडक तुटून दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकलेली जागा. इथे एका बाजूला ग्रॅनाइट, दुसऱ्या बाजूला चुनखडक, आणि काही ठिकाणी खालचा जुना ग्रॅनाइट वरच्या नव्या चुनखडकावर चढून बसला आहे. जमिनीने वयाची रीत मोडली म्हणायचे. या सरकण्यात मधला खडक भरडला गेला. टोकदार तुकडे आणि त्यांना सांधणारा बारीक चुरा असा जो खडक बनतो त्याला ब्रेशिया म्हणतात. युरेनियम आहे ते या भरडलेल्या चुनखडकात, आणि त्याला लागून असलेल्या, भेगाळलेल्या ग्रॅनाइटमध्येही. अख्ख्या ग्रॅनाइटमध्ये नव्हे. शहाबादी फरशीवर बसून जेवणाऱ्यांनी काळजी करण्याचे कारण नाही. युरेनियम त्या भ्रंशाच्या अरुंद पट्ट्यापुरते आहे.

ते तिथे कसे जमले, याचे रसायन सोपे आणि विलक्षण आहे. युरेनियमची दोन रूपे महत्त्वाची. प्राणवायू मिळाला की ते सहा संयुजेच्या रूपात जाते आणि पाण्यात, विशेषतः कार्बोनेट असलेल्या पाण्यात, मजेत विरघळते. प्राणवायू काढून घेतला की ते चार संयुजेवर येते आणि जवळजवळ अविद्राव्य होऊन जागच्या जागी बसते. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, ग्रॅनाइटच्या भेगांतून फिरते, युरेनिनाइटचे दाणे धुऊन नेते. असे हजारो, लाखो वर्षे चालते. मग हे पाणी भ्रंशाच्या चुऱ्यात शिरते. तिथे पायराइट म्हणजे लोहाचे सल्फाइड असते, काही थरांत जुन्या सेंद्रिय द्रव्याचे अवशेष असतात. दोन्ही प्राणवायू ओढून घेणारी. पाणी पुढे जाते, युरेनियम मागे राहते. भ्रंशाने वाट दिली नसती तर पाणी खोल गेले नसते, आणि वाटेत अडवणारे कोणी नसते तर युरेनियम समुद्राला मिळाले असते. ग्रॅनाइट, भेग, पाणी आणि अडसर या चारही गोष्टी एका जागी याव्या लागतात. यातली एक नसली तर साठा होत नाही, आणि तशाच जागा जगात जास्त आहेत.

गोगीत जमलेली खनिजे पिचब्लेंड आणि कॉफिनाइट. पिचब्लेंड हे युरेनियमचे काळे ऑक्साइड, डांबरासारखी चकाकी असलेले. क्लॅप्रोटने १७८९ मध्ये युरेनियम हे मूलद्रव्य ओळखले ते पिचब्लेंडमधूनच, आणि मेरी व पिएर क्यूरींनी १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम हुडकले तेही बोहेमियातल्या याखिमोव्हच्या पिचब्लेंडमधून. कॉफिनाइट म्हणजे युरेनियमचे सिलिकेट. दोन्ही खनिजे इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना काळा डाग तेवढा दिसतो. प्रमाण मात्र भारतीय मापाने उत्तम, हजार भागांत एक भागाहून अधिक. झारखंडच्या जादूगोड्याला, जिथे देशाचे युरेनियम खाणकाम १९६० च्या दशकाअखेर सुरू झाले, प्रमाण याच्या निम्म्याच्या आसपासच आहे. साध्या ग्रॅनाइटमध्ये टनाला चार ग्रॅम आणि गोगीच्या पट्ट्यात टनाला किलोभर, म्हणजे निसर्गाने अडीचशे पटींनी गोळा केले. कॅनडातल्या अथाबास्काच्या काही खाणींत खडकाचा दहावा भाग आणि त्याहूनही अधिक युरेनियम असते, हे वाचल्यावर आपला उत्साह थोडा आवरावा लागतो.

ग्रॅनाइटमधल्या युरेनियमचे खरे पाठ्यपुस्तक फ्रान्समध्ये आहे. लिमुझँ प्रांतात ला क्रूझीय इथे १९४८ मध्ये पिचब्लेंडची शीर सापडली आणि पुढची पन्नास वर्षे त्या भागाने फ्रान्सच्या अणुकार्यक्रमाला युरेनियम पुरवले. तिथे एक अजब प्रकार आढळला. उष्ण पाण्याने ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झच विरघळवून नेला होता. क्वार्ट्झ गेल्यावर खडक छिद्राछिद्रांचा झाला आणि त्या पोकळ्यांत नंतरच्या पाण्याने युरेनियम भरले. म्हणजे साठा भेगेत नव्हे, खडकाच्या पोटात. तेव्हापासून ग्रॅनाइटच्या मुलखात फिरणारा भूवैज्ञानिक फक्त भेगा पाहत नाही. क्वार्ट्झ गायब झालेला ग्रॅनाइटही हुडकतो. आणखीही खुणा आहेत. लोह गंजून लालसर पडलेला फेल्डस्पार, हिरवट क्लोराइट, किरणोत्साराने धुरकट झालेला क्वार्ट्झ, जांभळा, जवळजवळ काळा पडलेला फ्लोराइट. एकेकटी खूण काही सांगत नाही. त्या एका जागी दिसल्या की पावले मंदावतात.

आता शोध कसा घेतात ते. आधी हवेतून. विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसवलेला गॅमा वर्णपटमापी पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियम यांची वेगवेगळी किरणे ओळखतो. युरेनियमसाठी तो खरे तर बिस्मथ-२१४ ची किरणे मोजतो. बिस्मथ हा युरेनियमच्या क्षय-साखळीतला दूरचा वंशज. इथेच फसगतीची जागा आहे. पाण्याने अलीकडे युरेनियम वाहून नेले आणि रेडियम मागे राहिले तर किरणे येत राहतात आणि युरेनियम नसते. उलट युरेनियम नुकतेच येऊन बसले असेल तर किरणे कमी पडतात. साखळी पुन्हा समतोल व्हायला दहा लाख वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणून यंत्राच्या आकड्याला प्रयोगशाळेचे रासायनिक पृथक्करण जोडल्याशिवाय कोणी जाणता माणूस साठ्याची भाषा बोलत नाही.

दुसरी अडचण मातीची. अर्धा मीटर माती गॅमा किरणांना जवळपास अडवून टाकते. भीमा खोऱ्यात काळी कसदार जमीन आहे, शेतकऱ्याला वरदान आणि भूवैज्ञानिकाला पडदा. तेव्हा पायी फिरून स्किंटिलोमीटरने उघडे कातळ तपासणे, विहिरींचे आणि ओढ्यांचे पाणी मोजणे, जमिनीतल्या रेडॉन वायूचा माग घेणे असे उपाय करावे लागतात. रेडॉन वायू असल्याने मातीतून वर येऊ शकतो, पण त्याचे अर्धायुष्य पावणेचार दिवसांचे, फार काळ तो टिकत नाही. तो मिळाला म्हणजे स्रोत जवळ असला पाहिजे.

शेवटचा शब्द विंधनाचा. हिरेजडित बिट खडक कापत खाली जाते आणि मधला दंडगोल, कोअर, नळीत अडकून वर येतो. पाचेक सेंटीमीटर व्यासाचे हे तुकडे लांब पेट्यांत खोलीच्या क्रमाने मांडतात. मध्ये मीटर लिहिलेली लाकडी ठोकळी. पेटी वाचायची ती पुस्तकासारखी, डावीकडून उजवीकडे. अख्खा ग्रॅनाइट हातभर लांब, गुळगुळीत नळकांड्यांनी निघतो. भ्रंश जवळ आला की तुकडे बोटभर होतात, मग खडीसारखे, मग नुसता मातट चिखल, आणि नेमके जिथे युरेनियम असण्याची शक्यता तिथे पेटीत रिकामी जागा, कारण चुरा पाण्याबरोबर वाहून गेलेला. ही विंधनातली जुनी रड आहे. त्यावर उपाय म्हणून त्याच भोकात तारेने गॅमा शोधक सोडून सेंटीमीटर-सेंटीमीटरचे वाचन घेतात. कोअर गेला तरी भोकाच्या भिंती बोलतात. भ्रंश उभट असेल तर भोक तिरके घ्यावे लागते, नाहीतर ते त्याला समांतर खाली जाईल आणि कधी भेटणारच नाही. मिळालेला कोअर उभा दुभागतात. अर्धा प्रयोगशाळेत, अर्धा पेटीत, पुढच्या पिढीच्या शंकांसाठी.

या साऱ्या उद्योगाची संस्था स्वातंत्र्यानंतर लगेच दुर्मिळ खनिजांच्या सर्वेक्षणासाठी म्हणून सुरू झाली. तिच्या उभारणीत भूवैज्ञानिक दाराशॉ वाडिया यांचा मोठा वाटा होता. तीच आजचे अणुखनिज अन्वेषण आणि संशोधन संचालनालय, मुख्यालय हैदराबादला. चौलच्या उत्तरेला, मुंबईच्या बंदराला लागून तुर्भे आहे. तिथे जानेवारी १९५९ मध्ये भारताचा अणुभट्टीयोग्य शुद्धतेचा पहिला युरेनियम धातू तयार झाला. तुर्भ्याच्या टेकड्या लाव्ह्याच्याच, युरेनियम अर्थातच बाहेरून आलेले. महाराष्ट्राच्या स्वतःच्या नावावर पूर्व विदर्भातल्या काही शे टनांची नोंद आहे. देशाच्या यादीत ती तळाशी येते, आणि बेसाल्टने राज्याचा बहुतांश भाग झाकल्यावर दुसरे काय होणार?

गोगीत शाफ्ट खणून खालचा साठा प्रत्यक्ष तपासण्याचे कामही हाती घेतले गेले. गावकऱ्यांनी पाण्याच्या आणि आरोग्याच्या चिंतेने विरोध नोंदवला. माझे मत विचाराल तर ही चिंता झटकून टाकण्याजोगी नाही आणि तिचा बागुलबुवाही करू नये. भ्रंशाच्या ज्या भेगांनी युरेनियम आणून ठेवले, त्याच भेगांतून गावाच्या विहिरींना पाणी मिळते. खाण होवो न होवो, खडकाशी पाण्याचे नाते आधीपासूनच आहे. तिथले पाणी खाणीआधी, खाण चालू असताना आणि नंतर नियमित मोजून आकडे गावाच्या चावडीवर लावणे हा किमान व्यवहार झाला.

पाण्याची ही गोष्ट गोगीपुरती नाही. देगलूर-बिलोलीकडचा नांदेड जिल्हा, गोंदिया, गडचिरोली, सिंधुदुर्गाचा काही भाग इथे ग्रॅनाइट किंवा त्याच्या कुळातले पट्टिताश्म जमिनीलगत आहेत, आणि बोअरवेल वर्षागणिक खोल चालल्या आहेत. चौलच्या बेसाल्टमधल्या विहिरीला या बाबतीत फारसे भय नाही, पण ग्रॅनाइटमधल्या खोल बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी ते एकदा प्रयोगशाळेत युरेनियमसाठी तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली आहे आणि भारतीय मानकानेही तीच धरली आहे. अपाय प्रामुख्याने मूत्रपिंडाला होतो, तोही किरणांपेक्षा धातूच्या रासायनिक विषारीपणामुळे. प्रमाण जास्त निघाले तर आरओ यंत्र ते बऱ्याच अंशी काढते. पाणी उकळून मात्र युरेनियम जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते.